‘पुढं न्या’ म्हटल्यावर

आठव्या महिन्यातल्या बाईच्या पायातली जोडवी घट्ट झालीत, सकाळी उठल्याउठल्या चेहरा सुजलेला दिसतो, डोकं दुखतं म्हणून ती दुपारी अंधाऱ्या खोलीत पडून राहते. डॉक्टरच्या कितीतरी आधी हे आशाताईला दिसतं. ती त्याच वस्तीवर राहते. त्या बाईचा रोजचा चेहरा तिच्या ओळखीचा आहे, म्हणून आजचा चेहरा वेगळा आहे हे तिला कळतं. डॉक्टर त्या बाईला पहिल्यांदाच पाहणार असतो. त्याच्याकडे रक्तदाब मोजायचं यंत्र असतं, लघवीतली प्रथिनं तपासायची सोय असते, औषध असतं. आशाताईकडे शंका असते. ती शंका वेळेवर त्या यंत्रापर्यंत पोचली तर बाई आणि बाळ दोघं वाचतात. वाटेत अडली, तर बाईला झटके सुरू झाल्यावरच गाडी बोलावली जाते.

कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी हे आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचं मोठं गाव. पोलीस ठाणं आहे, बाजारपेठ आहे, सरकारी दवाखाना आहे. पण बाळंतपणात काही अवघड झालं की इथल्या माणसाच्या तोंडी एकच नाव येतं, घाटी. घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, १९५६ साली सुरू झालेलं. मराठवाडा त्याच्यावर विसंबून आहेच. शेजारच्या बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगर जिल्ह्यांतले रुग्णही तिथेच येतात. देवगावहून तो रस्ता पन्नास-साठ किलोमीटरचा. मध्यरात्री, पावसात, कळा देणाऱ्या बाईला घेऊन तो किती लांब वाटतो, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

रस्त्याबद्दल आपण बोलतो, मोर्चे काढतो, आमदाराला निवेदनं देतो. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या निरोपाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. ती बाई वस्तीपासून घाटीपर्यंत जाते तेव्हा किती हातांतून जाते, ते पाहू. एक बाई डोळ्यांसमोर धरू. ती कुणी एक खरी बाई नाही, पण तिची वाट अगदी खरी आहे.

सुरुवात आशाताईपासून. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा स्वयंसेविका नेमली गेली. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. त्याच वस्तीवर अंगणवाडीसेविका त्या बाईला आहार देते, तिचं वजन पाहते. पण अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, आरोग्य खात्याची नव्हे. पाच हजार लोकवस्तीमागे उपकेंद्र, तिथे आरोग्यसेविका, म्हणजे गावच्या भाषेत सिस्टर. गेल्या काही वर्षांत त्याच उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आले, सगळे त्यांना सीएचओ म्हणतात. तीस हजार लोकवस्तीमागे प्राथमिक आरोग्य केंद्र. इथपर्यंतचा कारभार जिल्हा परिषदेचा, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखालचा. त्याच्या वरचं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. १०८ची रुग्णवाहिका २०१४ पासून ठेक्याने चालते, तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात. आणि घाटी? ती वैद्यकीय शिक्षण विभागाची.

मोजून पाहा. एकाच बाईच्या एकाच रात्रीच्या प्रवासात तीन सरकारी खाती, एक जिल्हा परिषद आणि एक ठेकेदार. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं, प्रत्येकाचा साहेब वेगळा, प्रत्येकाची आढावा बैठक वेगळ्या दिवशी, वेगळ्या इमारतीत. आशाताईचा साहेब आणि घाटीतल्या निवासी डॉक्टरचा साहेब एकाच टेबलाशी बसलेत, असं एरवी घडत नाही. आणि या सगळ्यांमधून निरोप घेऊन जातं कोण? बाईचा नवरा. नाहीतर सासू. ज्यांना या साखळीतलं काहीच कुणी समजावून सांगितलेलं नाही, आणि त्या घडीला जे सगळ्यांत जास्त घाबरलेले असतात, ते.

आता चिठ्ठी पाहू. आपल्याकडे रुग्णाला वरच्या दवाखान्यात पाठवतात तेव्हा त्याच्या हातात एक कागद देतात. बहुतेक वेळा त्यावर नाव, वय, एखादा शब्द निदानाचा आणि खाली इंग्रजीत एक ओळ की पुढील उपचारासाठी वरच्या रुग्णालयात पाठवत आहोत. तोंडी सांगायचं ते एवढंच, ‘पुढं न्या.’

गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचंच उदाहरण घेऊ, कारण त्या कागदातली एक कोरी ओळ काय करू शकते हे त्यात स्वच्छ दिसतं. रक्तदाब वाढत जाऊन बाईला झटके येऊ नयेत, आले तर थांबावेत, म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. औषध स्वस्त, जुनं आणि अतिशय गुणकारी. बाईला वर पाठवण्याआधी पहिला डोस खालीच, प्राथमिक आरोग्य केंद्रातही द्यावा, असं राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात: दहा ग्रॅम, पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल सुईने. पण याच औषधाचं प्रमाण शरीरात वाढलं तर आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते, मग श्वास मंदावतो, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर थांबतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा हाताशी ठेवावा लागतो.

आता घाटीच्या प्रसूतिकक्षात रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोर झटके येऊन गेलेली बाई, हातात ती चिठ्ठी. खाली डोस दिलाय का? दिला असेल तर किती आणि किती वाजता? चिठ्ठीत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘दोन सुया मारल्या, साहेब.’ कसल्या सुया ते त्याला माहीत नाही. आधीच दिलेला असताना पूर्ण डोस पुन्हा दिला तर श्वास जाण्याची भीती. दिलाय असं समजून थांबलं आणि प्रत्यक्षात दिलेला नसला, तर पुढचा झटका. खाली डोस देणाऱ्या सिस्टरने आपलं काम बरोबर केलेलं असू शकतं, वरचा डॉक्टर आपलं काम बरोबर करायला तयार असतो, आणि तरीही बाईचा जीव एका न लिहिलेल्या वेळेवर टांगलेला असतो. दोन चांगली माणसं आहेत, त्यांच्यामध्ये निरोप नाही.

अशा वेळी दोष कुणाचा, हे विचारायची आपल्याला फार घाई असते. मला तो प्रश्न पुढे नेणारा वाटत नाही. ही चिठ्ठी कोरी का राहते, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

एक कारण उघड आहे: मनुष्यबळ कमी, गर्दी जास्त, रात्रपाळीला एकच सिस्टर. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते खरंही आहे. दुसरं कारण माझ्या मते जास्त खोल आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याला, ती वाचणाऱ्याला काय हवंय हे माहीत नसतं. घाटीतल्या डॉक्टरने कधी उपकेंद्र पाहिलेलं नसतं. आरोग्यसेविकेकडे कोणतं औषध असतं, तिला काय द्यायची परवानगी आहे, हे त्याच्या अभ्यासात ओझरतं येतं. आरोग्यसेविकेने घाटीचा प्रसूतिकक्ष चालताना पाहिलेला असतोच असं नाही. आशाताईला तर कुणी विचारतच नाही. डॉक्टर डॉक्टरांसोबत शिकतात, परिचारिका परिचारिकांसोबत, औषधनिर्माते औषधनिर्मात्यांसोबत. शिकताना जे कधी एकत्र बसले नाहीत, त्यांनी नोकरी लागल्याच्या पहिल्या रात्रीपासून एकमेकांच्या मनातलं ओळखून काम करावं, अशी आपली अपेक्षा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली एक आराखडाच काढला, की आरोग्याच्या वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना काही भाग एकत्र, एकमेकांकडून शिकवा. आपल्याकडे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून या बहुतेक शाखांचं एकच विद्यापीठ आहे. एकत्र शिकवायला याहून सोयीची जागा कोणती?

तिसरं कारण पैशाचं आणि मानाचं. आशाताईचा मोबदला मिळायचा तर तिने केलेल्या कामाची खातरजमा आरोग्यसेविकेने करायची, सही तिची. अशा सहीवर जिचं घर चालतं, ती बाई त्याच सिस्टरला तोंडावर कशी म्हणेल की ‘सिस्टर, तुम्ही बीपी नीट बघितलं नाही, मला ही बाई बरी वाटत नाही’? आरोग्यसेविकेचीही एक बाजू आहे. वर्षानुवर्षं उपकेंद्र तिचं होतं. गावाला ठाऊक होतं, सुई सिस्टरची, लस सिस्टरची, बाळंतपण सिस्टरचं. आता तिच्या वर सीएचओ आले, बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर, सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेले, वयाने तिच्याहून लहान आणि कंत्राटी. कोण कुणाला सांगणार, रजेवर जाताना कुणाला विचारायचं, गावकऱ्यांनी आधी कुणाकडे जायचं? शासन निर्णयात कामं लिहिलेली आहेत. पण कागदावर कामं वाटून दिली म्हणजे ती माणसांच्या मनात वाटली गेली असं होत नाही.

हे पूर्वीही झालंय. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सांगितलं की मलेरियाचा माणूस वेगळा, लशीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा अशी पद्धत बंद करून बहुउद्देशीय कर्मचारी नेमा. म्हणजे जो काल मलेरियासाठी घरोघर फिरत होता त्याच्यावर उद्या सगळंच आलं. खालच्या माणसाची भूमिका दिल्लीत बदलली जाते, आणि ती बदललीय हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सर्वांत शेवटी कळतं.

दवाखान्यात पाऊल टाकलं की नात्यांची कमतरता नसते. सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी. मामा स्ट्रेचर ढकलतात, मावशी बाळंतिणीचं अंग पुसतात. रात्रभर बाळंतिणीच्या जवळ मावशीच असतात. कण्हण्याचा सूर बदलला, रक्तस्राव वाढला, हे पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येण्याची शक्यता जास्त. पण सकाळच्या राउंडला मावशींना कुणी विचारतं का?

या बाबतीत जग जे शिकलंय ते फार साधं आहे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेआधी वाचायची एक यादी तयार केली. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स रुग्णालयासह जगातल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. सुमारे पावणेआठ हजार रुग्णांवरच्या त्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं, गुंतागुंत अकरा टक्क्यांवरून सातवर. यादीत औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं. प्रतिजैविक दिलं का, रक्ताची सोय आहे का, असले प्रश्न होते, आणि त्यांतच एक ओळ: चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम मोठ्याने सांगावं. वर्षानुवर्षं एकत्र काम करणाऱ्यांना हे पोरकट वाटू शकतं. पण ज्याने एकदा तोंड उघडून स्वतःचं नाव सांगितलं, तो पुढे काही चुकतंय असं दिसल्यावर तोंड उघडण्याची शक्यता वाढते, हे त्यामागचं तत्त्व.

पाळी बदलताना रुग्णाची माहिती देण्याघेण्यावर अमेरिका-कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत असंच काम झालं. त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. ठरावीक क्रमाने बोलायची, लिहायची आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायची शिस्त लावल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यात आलेली आणखी एक पद्धत आहे. तिच्यात फोनवर बोलताना चार गोष्टी क्रमाने सांगायच्या: आत्ता काय चाललंय, मागचं काय आहे, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं असं मला हवंय. देवगावच्या परिसरातल्या एखाद्या सिस्टरने त्या रीतीने वर फोन केला तर तो असा असेल: ‘डॉक्टर, पहिलटकरीण आहे, बीपी १७० वर ११०, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. आठवा महिना, मागच्या आठवड्यापर्यंत बीपी नॉर्मल होतं. मला वाटतं झटके येतील. पहिला डोस देते आणि गाडी बोलावते, तुम्ही घाटीला कळवा.’ अर्ध्या मिनिटाचं बोलणं. यातलं तिसरं वाक्य सगळ्यांत अवघड. ‘मला वाटतं’ म्हणायची सवय आपल्या खालच्या कर्मचाऱ्याला आपण लागूच दिलेली नाही. आकडा सांग, अंदाज डॉक्टर करतील, अशीच शिकवण. ती सिस्टर वीस वर्षं बाळंतपणं करतेय, तिच्या अंदाजाला किंमत आहे, हे वरच्याने मान्य केल्याशिवाय ते वाक्य तिच्या तोंडून निघणार नाही.

पण पाणबुडीपर्यंत जायची तरी काय गरज? हे सगळं आपल्याच मातीत, आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघं वेल्लोरला शिकलेले. आधी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केलं, मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० साली बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडला आले. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी सुरुवात केली. वर्ष-दोन वर्षांत १९७२चा दुष्काळ आला आणि विहिरी, बोअर, मुलांचं जेवण हीच आरोग्यसेवा झाली. त्यांची पहिली योजना आजच्या सरकारी योजनेसारखीच होती: प्रशिक्षित परिचारिका खेड्यात नेमायच्या. ती चालली नाही. तरुण, बाहेरगावची मुलगी गावात एकटी राहायला घाबरायची, गावही तिला आपलं मानायचं नाही. मग गावकऱ्यांशी बोलून त्यांनी गावातलीच बाई निवडायला सांगितली. निवडल्या गेलेल्या कितीतरी बायका दलित, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या किंवा जेमतेम शिकलेल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या.

आरोळ्यांनी या बायकांना नुसत्या मदतनीस म्हणून ठेवलं नाही, हे माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, राहायच्या, एकत्र जेवायच्या. तिथे डॉक्टर त्यांना शिकवायचे आणि त्यांच्याकडून गावाची खबर घ्यायचे. कोणत्या घरात मूल वाळतंय, कोणती बाई दिवस गेल्याचं लपवतेय, कुणाचा खोकला तीन आठवडे थांबला नाही. दुसरीकडे डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक असं फिरतं पथक तिच्या गावात जायचं आणि तिच्याबरोबर घराघरांत फिरायचं. गाव बघायचं की आपल्यातली ही बाई डॉक्टरांशी बरोबरीने बोलतेय आणि डॉक्टर तिचं ऐकतायत. तिची ती पत तिच्या औषधांच्या पेटीहून मोठी होती. घरच्या पातळीवर ती, मधे फिरतं पथक, वर जामखेडचं रुग्णालय अशी ही रचना. आणि रुग्ण वर गेला तर त्याची बातमी पुढच्याच आठवड्यात खाली परत यायची, कारण माणसं दर आठवड्याला भेटत होती.

फळ काय मिळालं? १९७१ साली त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होते. दोन दशकांत ते तिशीच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली ‘हेल्थ बाय द पीपल’ हे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. तीन वर्षांनी अल्मा-आता इथे जगाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ म्हटलं, तेव्हा ज्या मोजक्या अनुभवांचा आधार होता त्यांत जामखेड होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबराकडे हात करून त्या म्हणाल्या, की डॉक्टर असे लखलखतात पण महाग आणि हाताबाहेरचे. आम्ही पणत्या आहोत, स्वस्त आहोत, आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते.

आशा योजनेच्या कागदांत जामखेडची छाया दिसते. गावातली बाई घेतली, तिला काम दिलं, पेटी दिली, नोंदवह्या दिल्या, आता मोबाइलमधली ॲपही दिली. दर आठवड्याची ती भेट तेवढी घेतली नाही. आशाताईंच्या बैठका होतात, पण त्यांत आकडे गोळा केले जातात. वरून खाली लक्ष्य येतं, खालून वर आकडा जातो. डॉक्टरने तासभर बसून ‘तुझ्या वस्तीवर काय चाललंय’ असं विचारण्याची जागा त्या बैठकीत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने एक पाऊल आणखी पुढे टाकलं. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत त्यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना, आरोग्यदूतांना, घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखायचा आणि आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनची सुई द्यायची. पाचवी-दहावी शिकलेली बाई बाळाला प्रतिजैविक टोचणार, ही कल्पना तेव्हा किती जणांना झेपली असेल? पण ठरवलेली लक्षणं दिसली तर हे कर, ही दिसली तर ते कर, आणि पंधरा दिवसांनी डॉक्टर येऊन सगळं तपासणार, अशी चौकट पक्की होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ झाला. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. याच कामातून २०११ साली आशाताईंनी नवजात बाळाला घरी जाऊन पाहण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. कुणी काय करायचं याच्या सीमा तिथे आखलेल्या होत्या, पण त्या कुवत पाहून आखल्या होत्या, पदवी पाहून नाही. आणि त्या सीमा दोन्ही बाजूंना माहीत होत्या.

भूमिका कळणं ही फक्त कर्मचाऱ्यांची गरज नाही, समाजाचीही आहे. २०२३ च्या ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं. रुग्णालयाचं म्हणणं होतं की बरेच रुग्ण शेवटच्या अवस्थेत आणले गेले. महाराष्ट्र हादरला, आणि हादरायलाच हवा होता. पण दोन दिवसांनी काय झालं? एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांना रुग्णालयातलं शौचालय साफ करायला लावलं आणि त्याचं चित्रीकरण सगळीकडे फिरलं. पुढे त्याबद्दल गुन्हाही दाखल झाला. सफाईच्या जागा कोण भरतो, औषधं कोण खरेदी करतं, खालच्या दवाखान्यातून रुग्ण इतक्या उशिरा का येतो, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या शौचालयात नव्हतं. औषधखरेदीचं काम २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होतं आणि २०२३ मध्येच त्यासाठी वेगळं प्राधिकरण कायद्याने आणलं गेलं, हे त्या संतापलेल्या गर्दीतल्या कितींना ठाऊक असेल? ज्याचं जे काम नाही ते त्याच्याकडून जाहीरपणे करून घेतलं की राग शमतो. पुढच्या बाळाला त्याचा काही उपयोग होत नाही.

देवगावच्या बाजूला आणखी एक प्रश्न आहे. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात, कन्नड तालुक्यातल्या तांड्यांवरूनही निघतात. त्यांत गरोदर बाया असतात. आशाताईने जिची नोंद केली, जिचं रक्त कमी आहे हे आशाताईला पाठ आहे, ती बाई एका सकाळी ट्रॅक्टरमध्ये बसून दोन-तीनशे किलोमीटर दूर जाते. तिच्यासोबत माता-बाल संरक्षण कार्ड जातं, जर ते पावसात भिजलं नाही आणि गाठोड्यात सापडलं तर. कारखान्याच्या परिसरातल्या आशाताईला इकडच्या आशाताईने एक फोन करावा, एवढी साधी गोष्ट. त्या फोनसाठी ना मोबदला आहे, ना रकाना. काही आशाताई आपणहून बाईचा नंबर ठेवतात, विचारपूस करतात, असं करणाऱ्यांना खरोखर हात जोडावेत. पण एखादीच्या चांगुलपणावर यंत्रणा चालवायची नसते.

महाराष्ट्राचा माता मृत्युदर २०१८ ते २०च्या नोंदींनुसार लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७, केरळचा १९. आपण पुष्कळ पुढे आलो आहोत, आणि ते या आशाताई, सिस्टर, डॉक्टर यांच्याच कष्टाने. शिल्लक राहिलेले मृत्यू आता अशा जागी आहेत, जिथे औषध होतं, गाडी होती, डॉक्टर होता, आणि तरी काहीतरी निसटलं.

ते काय निसटलं हे शोधायची सोय सरकारने केलेली आहे. गरोदरपणात किंवा बाळंतपणात बाई दगावली तर तिच्या मृत्यूचं अन्वेषण होतं. त्यासाठी आशाताईने खबर द्यायची, पथकाने घरी जाऊन माहिती घ्यायची, रुग्णालयानेही आपली नोंद द्यायची, आणि निवडक मृत्यूंचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली घ्यायचा. त्या बैठकीला मृत बाईच्या घरच्यांनाही बोलावण्याची तरतूद आहे. कुणाला शिक्षा देण्यासाठी नाही, पुढची बाई वाचावी म्हणून, असं मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे जिल्हा परिषद, शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालय आणि घरची माणसं एका खोलीत बसू शकतात. फक्त त्यासाठी आधी एक बाई जावी लागते.

मरता मरता वाचलेल्या बायांच्या आढाव्यासाठीही केंद्राने २०१४ साली सूचना काढल्या, पण त्या मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांसारख्या मोठ्या रुग्णालयांसाठी. वाचलेली बाई तर सगळं सांगायला जिवंत असते. तिला पहिल्यांदा कुणी पाहिलं, सुई किती वाजता दिली, गाडी किती वेळाने आली, घाटीत चिठ्ठी कुणी वाचली, हे ती आणि तिची आशाताई मिळून सांगू शकतात. कन्नड तालुक्यात अशी एक बैठक तीन महिन्यांतून एकदा घ्यायला नवा कायदा लागत नाही, इमारत लागत नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी बोलवायची, घाटीच्या स्त्रीरोग विभागातल्या एका डॉक्टरने यायचं, १०८च्या गाडीवरच्या डॉक्टरने यायचं, ज्या सिस्टरने डोस दिला तिने यायचं. आशाताईला त्या दिवसाचा मोबदला द्यायचा आणि बोलायची सुरुवात तिच्यापासून करायची. आणि घाटीतून बाई घरी जाताना जो कागद मिळतो, त्यात मराठीत चार ओळी आशाताईसाठी लिहायच्या: काय झालं होतं, कोणती गोळी किती दिवस, बीपी पुन्हा कधी मोजायचं, काय दिसलं तर लगेच पाठवायचं. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती त्या घरी जाणारच आहे. बाळंतपण झाल्यावरही झटके येऊ शकतात, आणि तेव्हा त्या घरात डॉक्टर नसतो, ती असते.